चार जागा, बहात्तर संगणक: पणजीत बसून सगळीकडे सॉफ्टवेअर कसं टाकायचं?

एकटा_अ‍ॅडमिन

हॉटेल व्यवसायातली कंपनी. मुख्य कचेरी पणजीला, हॉटेलं कळंगुट, कोलवा आणि काणकोणला. मिळून ७२ संगणक, बहुतेक विंडोज ११ प्रो, ९ अजून विंडोज १० वर. पणजीला विंडोज सर्व्हर २०१९ वर डोमेन (सगळ्या संगणकांचा आणि खात्यांचा एकत्र कारभार), बाकी तीन जागा व्हीपीएनने (इंटरनेटवरूनची खासगी जोडणी) जोडलेल्या. तिथे प्रत्येकी एक छोटा फाइल सर्व्हर आहे. लाइन पणजीला १०० एमबीपीएस, कळंगुट-कोलव्याला ५०, काणकोणला २०, आणि तीही पावसात भरवशाची नाही.

टाकायचं ते असं: ब्राउझर, पीडीएफ रीडर, नवं ऑफिस, बुकिंग-बिलिंगच्या सॉफ्टवेअरचा क्लायंट (हा ईएक्सई, म्हणजे स्वतः चालणारी प्रोग्रॅम फाइल, म्हणून येतो), डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर आणि कोंकणी-मराठी पत्रव्यवहारासाठी देवनागरी फाँट.

ग्रुप पॉलिसीतून (डोमेनमधून सगळ्या संगणकांना नियम पाठवायची सोय) पीडीएफ रीडरचा एमएसआय (विंडोजचं ठरावीक साच्याचं इन्स्टॉलर पॅकेज) कॉम्प्युटरला असाइन केला, म्हणजे आपोआप बसावा असा नेमला. पणजीत निम्म्या मशीनवर बसला. उरलेल्यांच्या इव्हेंट लॉगमध्ये कुठे चूक क्र. १२७४, कुठे १६१२. हॉटेलांच्या फ्रंट डेस्कवर तर कसलीच नोंद नाही, ना चूक ना यश. चतुर्थीनंतर सीझनची गडबड सुरू व्हायच्या आत हे मार्गी लावायचं आहे. वेगळं टूल विकत घ्यावं लागेल का?

मांडवीकाठचा

टूलचं नंतर पाहू. तुमच्याकडच्या तीन लक्षणांची तीन वेगळी कारणं आहेत.

१२७४ म्हणजे पॉलिसी पोचली, पण सॉफ्टवेअर बसवायची वेळ चुकली. असाइन केलेला एमएसआय फक्त मशीन सुरू होताना, लॉगिनचा पडदा येण्याआधी बसतो. विंडोज मात्र लवकर लॉगिन मिळावं म्हणून नेटवर्कची वाट न पाहता पुढे जातं आणि पॉलिसी मागून वाचतं. त्यासाठी कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टिम, लॉगॉन इथे 'ऑलवेज वेट फॉर द नेटवर्क' चालू करा. शेजारच्या ग्रुप पॉलिसी या फोल्डरात 'स्टार्टअप पॉलिसी प्रोसेसिंग वेट टाइम' आहे, तो ६० सेकंद ठेवा. स्विचचा पोर्ट जागा व्हायलाच ३० सेकंद घेत असेल (नेटवर्कमधली लूप टाळणारी स्पॅनिंग ट्री चालू आणि तिची वाट वाचवणारा पोर्टफास्ट नाही) तर हे केल्याशिवाय काही खरं नाही. वायफायवरचे लॅपटॉप यातून वगळाच. त्यांचं वायफाय बऱ्याचदा लॉगिननंतर जुळतं.

१६१२ म्हणजे पॅकेजची फाइल मशीनला वाचता आली नाही. शेअरवर तुम्ही बहुधा 'डोमेन युजर्स'ना परवानगी दिली असेल. मशीन सुरू होताना वाचणारा कोणी माणूस नसतो, संगणकाचं स्वतःचं खातं वाचतं, आणि ते डोमेन युजर्समध्ये येत नाही. 'डोमेन कॉम्प्युटर्स'ना वाचण्याची परवानगी द्या, शेअरवरही आणि फोल्डरच्या एनटीएफएस परवानग्यांतही. एकीकडे दिली आणि दुसरीकडे राहिली तर निकाल तोच. पॉलिसीत पॅकेज जोडताना 'झेड ड्राइव्ह' किंवा 'डी ड्राइव्ह' असा मार्ग दिला असेल तर तो बदलता येत नाही, पॅकेज काढून पुन्हा \\सर्व्हर\शेअर या रूपात जोडावं लागतं. खात्री करायला एका मशीनवर पीएसएक्झेक या मायक्रोसॉफ्टच्या टूलने -एस लावून सिस्टिम खात्याचा (विंडोजचं स्वतःचं खातं) कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि तिथून शेअरवर डीआयआर मारून बघा. स्वतःच्या अ‍ॅडमिन खात्याने उघडून 'दिसतंय की' म्हणण्यात अर्थ नाही.

फ्रंट डेस्कवर काहीच नोंद नाही, कारण ती मशीन चोवीस तास चालू. रीस्टार्टच नाही, तर असाइनमेंट कधी बसणार? शिवाय विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' केलेलं मशीनही खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होत नाही. कर्नल डिस्कवर जपून ठेवलेला असतो आणि स्टार्टअपची कामं टळतात. 'रीस्टार्ट' मात्र खरा. फास्ट स्टार्टअप ग्रुप पॉलिसीतून रजिस्ट्रीची नोंद पाठवून बंद करा. वेक-ऑन-लॅनने मशीन जागी करायचा विचार असेल तर त्यालाही हाच अडथळा येतो.

आणि ऑफिससारखं मोठं पॅकेज स्टार्टअपला कधीच लावू नका. सकाळी साडेनऊला लोक 'प्लीज वेट'कडे बघत बसतात, मग कोणीतरी पॉवरचं बटण दाबून धरतो, आणि अर्धवट बसलेलं ऑफिस काढणं हे नव्याने बसवण्यापेक्षा जिकिरीचं असतं.

सासष्टीकर

वरचं सगळं मान्य, पण तुमच्या यादीत ईएक्सई आहे. ग्रुप पॉलिसीचं सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन तो कॉम्प्युटरला असाइन करूच शकत नाही. शिवाय चोवीस तास चालणाऱ्या मशीनना स्टार्टअपची वाट बघायला लावणं हाच मार्ग चुकीचा. एमएसआयची असाइनमेंट सोडा आणि ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसमधून एक शेड्यूल्ड टास्क पाठवा, सिस्टिम खात्याने चालणारा. पॉलिसी दर ९० मिनिटांनी (अधिक ३० मिनिटांपर्यंत, दर वेळी वेगळी) ताजी होते, म्हणजे रीस्टार्टशिवाय टास्क पोचतो.

टास्कमध्ये या गोष्टी बघा:

- 'फक्त वीजजोडणीवर चालव' ही खूण मुळातच लावलेली असते. लॅपटॉपसाठी काढा.
- 'वेळ चुकली तर शक्य होताच चालव' ही लावा.
- सुरुवातीला ३० मिनिटांपर्यंतचा रँडम डिले द्या, नाहीतर एका जागेची सगळी मशीन एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडतात.
- दोन तासांनी थांबव, आणि एक प्रत चालू असताना दुसरी सुरू करू नको.

वेळ कुठली, हे हॉटेलात फार महत्त्वाचं. सॉफ्टवेअरवाले डोळे झाकून रात्री १२ किंवा २ लिहितात. नेमकं तेव्हा नाइट ऑडिट चालू असतं, दिवस बंद होत असतो, आणि बिलिंग क्लायंटच्या फाइली उघड्या असतात. पहाटे साडेतीन ते पाच ही खिडकी ठेवा. सहाच्या विमानाचे पाहुणे चेकआउटला यायच्या आत आटपतं. पणजीच्या कचेरीत रात्री मशीन बंद, तिथे दुपारची जेवणाची सुट्टी घ्या. एका डेस्कवर दोन मशीन असतील तर दोन्ही एका रात्री घेऊ नका.

स्क्रिप्टचा क्रम असा ठेवा. आधी हवी ती आवृत्ती बसलेली आहे का ते तपासा, असेल तर गुपचूप बाहेर पडा. डिस्कवर जागा बघा. पॅकेज शेअरवरून स्थानिक फोल्डरात उतरवून घ्या आणि हॅश (फाइलचा अंकी ठसा) जुळवा. मग तिथूनच बसवा. थेट शेअरवरून चालवलं आणि मधेच व्हीपीएन पडला तर इन्स्टॉलर अर्ध्यात अडकतो. शेवटी पुन्हा आवृत्ती तपासा आणि एक ओळ लॉग शेअरवर लिहा: मशीनचं नाव, वेळ, आवृत्ती, परतीचा कोड.

एमएसआयसाठी कमांड: एमएसआयएक्झेक /आय पॅकेज.एमएसआय /क्यूएन /नोरीस्टार्ट /एल*व्ही आणि पुढे लॉग फाइलचा मार्ग.

परतीचे कोड:

० म्हणजे झालं. ३०१० म्हणजे झालं, पण रीस्टार्ट हवा. हे अपयश नाही, पण तसंच ठेवून त्यावर पुढचं पॅकेज चढवू नका. १६४१ म्हणजे इन्स्टॉलरने रीस्टार्ट स्वतःच सुरू केला. फ्रंट डेस्कवर हा आला तर तुमचा फोन वाजणार, म्हणून /नोरीस्टार्ट विसरू नका. १६१८ म्हणजे दुसरं इन्स्टॉलेशन आधीच चालू आहे, दहा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न, जास्तीत जास्त तीनदा. १६०३ म्हणजे काहीतरी मोडलं, आणि हा कोड स्वतः काहीच सांगत नाही. लॉगमध्ये 'रिटर्न व्हॅल्यू ३' शोधा, खरं कारण त्याच्या वरच्या दहा-वीस ओळींत असतं.

ईएक्सईचे स्विच तो कशाने बांधला आहे त्यावर ठरतात. एनएसआयएस असेल तर /एस, आणि हा एस मोठ्या लिपीतलाच लागतो, लहान दिला तर पडदा उघडून सिस्टिम खात्यात, कोणालाच न दिसता, बटणाची वाट बघत बसतो. इनो सेटअप असेल तर /व्हेरीसायलेंट /सप्रेसएमएसजीबॉक्सेस /नोरीस्टार्ट. इन्स्टॉलशील्डमध्ये गुंडाळलेला एमएसआय असेल तर लहान लिपीत /एस आणि त्याला चिकटून /व्ही"/क्यूएन".

आणखी एक फसवणूक. काही ब्राउझर आणि मीटिंगची अ‍ॅप्स माणसाच्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये बसतात. असा इन्स्टॉलर सिस्टिम खात्याने चालवलात तर तो सिस्टिम३२ खालच्या 'सिस्टिमप्रोफाइल'मध्ये जाऊन बसतो. कोड ० येतो, लॉग हिरवा दिसतो, आणि डेस्कवरच्या माणसाला काही दिसत नाही. अशा अ‍ॅपची 'एंटरप्राइझ' किंवा 'मशीन-वाइड' एमएसआय वेगळी मिळते, तीच घ्या.

नेटवर्क_फोंडा

'आवृत्ती तपासा' असं लिहिलंय तिथे एक खड्डा आहे. नेटवर सापडणाऱ्या निम्म्या स्क्रिप्ट डब्ल्यूएमआय (विंडोजला मशीनची माहिती विचारायची सोय) मधल्या 'विन३२_प्रॉडक्ट' या क्लासला विचारतात. तो नुसती यादी देत नाही, प्रत्येक एमएसआय सॉफ्टवेअरची सुसंगती तपासत सुटतो आणि गरज वाटली तर दुरुस्तीही सुरू करतो. इव्हेंट लॉगमध्ये १०३५ च्या रांगा लागलेल्या दिसल्या तर हाच चोर. रोज पहाटे ७२ मशीनवर हे चालवायचं नाही. रजिस्ट्रीतली 'अनइन्स्टॉल' की वाचा, ६४-बिटची आणि 'वाव६४३२नोड' खालची, दोन्ही. त्याहून सोपं म्हणजे मुख्य ईएक्सई फाइलची आवृत्ती वाचणं.

आता लाइनचा हिशेब. ऑफिस ३ जीबी धरा आणि काणकोणला १४ मशीन धरा. प्रत्येकाने आपापलं उतरवलं तर ४२ जीबी. २० एमबीपीएसवर, लाइन पूर्ण मोकळी असली तरी पावणेपाच तास. कार्ड मशीन, बुकिंग, पाहुण्यांचं वायफाय सगळं त्याच लाइनवर असेल तर विचारूच नका. एकच प्रत तिथल्या फाइल सर्व्हरवर नेली तर २० मिनिटं, पुढचं सगळं लॅनवर.

तुमच्याकडे प्रत्येक जागी सर्व्हर आहे, मग डीएफएस नेमस्पेस (अनेक सर्व्हरवरच्या शेअरना एकच सामाईक नाव) करा. सगळ्यांना मार्ग एकच, \\डोमेन\सॉफ्ट, पण प्रत्येक मशीन जवळचा सर्व्हर धरतं. हे 'जवळचं' अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी साइट्स अँड सर्व्हिसेसमधल्या सबनेटवरून (त्या जागेच्या आयपी पत्त्यांचा पट्टा) ठरतं. काणकोणचा सबनेट तिथे नोंदवलेला नसेल तर मशीन पणजीतून ओढत बसेल आणि तुम्हाला कळणारही नाही. प्रत नेण्यासाठी डीएफएस रेप्लिकेशन चालेल, किंवा साधा रोबोकॉपी (विंडोजची फाइली कॉपी करायची कमांड) रात्री लावा: /झेड (तुटलं तर तिथूनच पुढे) आणि /आयपीजी (पाकिटांमध्ये थोडी उसंत, म्हणजे लाइन पूर्ण खाल्ली जात नाही). /आयपीजीबरोबर /एमटी (एकाच वेळी अनेक फाइली) चालत नाही. /एमआयआर (मुक्कामाला उगमाची हुबेहूब प्रत) वापरताना उगम आणि मुक्काम यांची अदलाबदल झाली तर तो बिनदिक्कत फाइली पुसतो, एवढं लक्षात ठेवा.

ऑफिससाठी ऑफिस डिप्लॉयमेंट टूल. पणजीत एकदा सेटअप /डाउनलोड, मशीनवर सेटअप /कॉन्फिगर. एक्सएमएल फाइलमध्ये 'सोर्सपाथ' डीएफएसचा द्या. तो दिलाच नाही आणि फाइली सेटअपच्याच फोल्डरात नसल्या, तर प्रत्येक मशीन सरळ इंटरनेटवरून खेचतं. जुनं एमएसआयवालं ऑफिस असेल तर 'रिमूव्हएमएसआय' घाला. 'फोर्सअ‍ॅपशटडाउन' ट्रू ठेवायचा मोह होईल, पण उघडं वर्ड आणि एक्सेल न विचारता बंद होतं. फ्रंट डेस्कवर रात्रीचा माणूस एक्सेलमध्ये गाड्यांची यादी करत बसलेला असतो.

एक सल्ला आगाऊ देतो. काणकोणला स्विच आणि राउटरला यूपीएस आहे का ते बघा. मशीनला यूपीएस आणि स्विच भिंतीच्या प्लगवर, हे चित्र जागोजागी दिसतं. जूनमध्ये वीज तीन वेळा गेली की व्हीपीएन तीन वेळा पडणार.

डिचोलीकर

फाँट आणि टोकनबद्दल कोणी बोललं नाही म्हणून.

विंडोज १० आणि ११ मध्ये देवनागरीसाठी 'निर्मला यूआय' आधीपासून असतो. 'मंगल', 'कोकिळा', 'अपराजिता', 'उत्साह' हे 'देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स' या ऐच्छिक भागात येतात. जुनी पत्रं मंगलमध्ये असतील तर ती नव्या मशीनवर दुसऱ्या फाँटमध्ये उघडतात, ओळी सरकतात आणि एक पानाचं पत्र दोन पानांवर जातं. हा भाग पॉवरशेलच्या अ‍ॅड-विंडोजकेपेबिलिटीने बसतो. डब्ल्यूएसयूएस (कंपनीतल्या कंपनीत विंडोज अपडेट वाटणारा सर्व्हर) वापरत असाल तर मात्र ०एक्स८००एफ०९५४ ही चूक ठरलेली, कारण मशीन तो भाग डब्ल्यूएसयूएसकडे मागतं आणि तिथे तो नसतो. उपाय: कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टिम इथे ऐच्छिक घटकांच्या दुरुस्तीची पॉलिसी आहे, ती चालू करून 'विंडोज अपडेटवरून थेट घे' ही खूण लावा. डॉटनेट ३.५ साठी हीच चूक येते, उपायही हाच. इंटरनेट द्यायचंच नसेल तर विंडोजच्या त्याच आवृत्तीची 'फीचर्स ऑन डिमांड' आयएसओ शेअरवर ठेवा आणि -सोर्स व -लिमिटअ‍ॅक्सेस द्या.

बाहेरचे मुक्त फाँट टाकायचे असतील तर टीटीएफ फाइल विंडोजच्या फाँट्स फोल्डरात कॉपी करणं पुरत नाही. रजिस्ट्रीतल्या 'फाँट्स' कीमध्ये नोंदही घालावी लागते.

कीबोर्ड हा वेगळा विषय. भाषांची यादी माणसागणिक असते. सिस्टिम खात्याने सेट-विनयूजरलँग्वेजलिस्ट चालवलं तर देवनागरी कीबोर्ड सिस्टिम खात्याला मिळतो, टाइप करणाऱ्याला नाही. हे लॉगॉन स्क्रिप्टमध्ये घाला. आणि यादी बदलताना जुनी वाचून तिच्यात भर घाला, नाहीतर इंग्रजी उडते.

टोकनचा ड्रायव्हर: ड्रायव्हरवर उत्पादकाची डिजिटल सही असूनही 'या प्रकाशकावर विश्वास ठेवायचा का' अशी खिडकी येते, आणि गुपचूप इन्स्टॉलेशन तिथेच अडकतं. ड्रायव्हरबरोबरच्या कॅट (सहीच्या कॅटलॉग) फाइलच्या डिजिटल सिग्नेचर्समधून प्रकाशकाचं प्रमाणपत्र बाहेर काढा, ग्रुप पॉलिसीच्या पब्लिक की पॉलिसीजमध्ये 'ट्रस्टेड पब्लिशर्स'मध्ये घाला, आणि मगच पीएनपीयूटिल /अ‍ॅड-ड्रायव्हर /इन्स्टॉल किंवा उत्पादकाचा सेटअप चालवा. बसवताना टोकन काढून ठेवलेलं बरं. हे फक्त अकाउंट्सच्या मशीनना हवं, सगळ्यांना वाटू नका.

मांडवीकाठचा

टूलचं आता. मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियम असेल (३०० लोकांपर्यंत मिळतं) तर त्यात इंट्यून (इंटरनेटवरून संगणक सांभाळायची मायक्रोसॉफ्टची सेवा) येतं. बिझनेस स्टँडर्डमध्ये येत नाही. आधीच पैसे भरत असाल तर वापरा, नाहीतर या यादीसाठी घेऊ नका, असं माझं मत. इंट्यूनमध्ये ईएक्सई 'विन३२ अ‍ॅप' म्हणून गुंडाळता येतो, कोड ३०१० आणि १६१८ त्याला आधीच ठाऊक असतात. व्हीपीएनबाहेरच्या लॅपटॉपपर्यंत पोचतं, हा खरा फायदा. पण त्याचा एजंट ३२-बिट आहे. पॉवरशेलची स्क्रिप्ट सिस्टिम३२ म्हणते आणि विंडोज तिला एसवायएसवाव६४ या ३२-बिटच्या फोल्डरात नेऊन सोडतं. 'सिसनेटिव्ह' असा मार्ग लिहावा लागतो. आणि स्वतःहून अपडेट होणाऱ्या ब्राउझरसाठी 'आधीच बसलंय का' ते ओळखायचा नियम एमएसआयच्या प्रॉडक्ट कोडवर ठेवू नका. आठवड्यात आवृत्ती पुढे जाते, कोड बदलतो, आणि इंट्यून जुनी आवृत्ती पुन्हा टाकायला निघतं. 'फाइलची आवृत्ती इतकी किंवा पुढची' असा नियम हवा.

डब्ल्यूएसयूएसवर नवीन काही उभारू नका. सर्व्हर २०२५ मध्ये ते आहे, पण मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्येच त्यात नवी भर घालणार नसल्याचं जाहीर केलंय. चालू असेल तर चालू द्या.

एकटा_अ‍ॅडमिन

डोमेन कॉम्प्युटर्सची परवानगी खरंच नव्हती, १६१२ गेला. शेड्यूल्ड टास्कच्या मार्गाने जातो. दोन प्रश्न: विंडोज १० च्या ९ मशीनचं काय? आणि पीडीएफ रीडरची जी असाइनमेंट आधी केली आहे ती तशीच सोडली तर चालेल?

सासष्टीकर

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कंपन्यांना पैसे भरून सुरक्षा अपडेट आणखी तीन वर्षांपर्यंत मिळतात, पण किंमत दरवर्षी दुप्पट होते. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलच्या प्रोसेसरची आठवी पिढी किंवा पुढची असेल तर विंडोज ११ वर न्या, नसेल तर बदला. तोवर त्यांचा वेगळा ग्रुप करा आणि स्क्रिप्टच्या पहिल्याच चाचणीत त्यांना घेऊ नका, दोन बदल एकत्र झाले की दोष कशाचा ते कळत नाही. चाचणीसाठी पणजीतली पाच मशीन घ्या, पण त्यात अकाउंट्सचं एक आणि फ्रंट डेस्कसारखं सजवलेलं एक असू द्या. नुसती आयटीची मशीन घेतलीत तर सगळं नेहमीच चालतं. पुढे कोलवा, मग कळंगुट, शेवटी काणकोण. मध्ये दोन-तीन दिवस तरी जाऊ द्या. चतुर्थीत मशीन बंद आणि माणसं गावी, तेव्हा नवं काही सोडू नका.

जुनी असाइनमेंट तशीच ठेवू नका, ती आणि टास्क एकमेकांच्या पायात येतील. पण काढण्याआधी तिच्या डिप्लॉयमेंट टॅबवर 'व्यवस्थापनाच्या कक्षेबाहेर गेल्यास अनइन्स्टॉल कर' ही खूण आहे का ते बघा. ती असेल आणि तुम्ही ग्रुप करण्यासाठी मशीन एका ओयूमधून (डोमेनमधला संगणकांचा गट) दुसऱ्यात हलवलीत, तर पुढच्या रीस्टार्टला पीडीएफ रीडर गायब होतो. म्हणून आधी खूण काढा, सगळ्या मशीनना निदान एकदा रीस्टार्ट होऊ द्या, मग पॅकेजवर 'रिमूव्ह' करा. तिथे दोन पर्याय विचारले जातात. 'ताबडतोब अनइन्स्टॉल' नाही, दुसरा घ्या: 'वापरणाऱ्यांना वापरू द्या, नवीन बसवू नका.'